मालवण–मस्कत–दुबई : फोनसकट प्रवास

मालवणच्या माणसाला रोमिंगचा पहिला चटका बसला तो परदेशात नव्हे, घरच्या ओसरीवर. मुंबईत घेतलेला नंबर खिशात घालून चाकरमानी चतुर्थीला गावी यायचा आणि राज्य न ओलांडताही दूरसंचार खात्याच्या हिशेबात परमुलखात पोचायचा. मुंबई हे वेगळं सर्कल, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं. बांद्याच्या माणसाने पत्रादेवी ओलांडून पेडण्यात पाऊल टाकलं तरी त्याचा फोन घरातच असायचा. दादरचा माणूस कणकवलीला उतरला की मात्र रोमिंग सुरू. आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. मग मिस्ड कॉलच्या खुणा ठरायच्या: एक रिंग म्हणजे गाडी सुटली, दोन म्हणजे पोचलो. 2013 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने फुकट इनकमिंगचे रोमिंग प्लॅन आणायला लावले, 2016 मध्ये जिओ आलं ते रोमिंगचा वेगळा आकार न ठेवताच, आणि पुढच्या वर्षी एअरटेलनेही तो काढला. देशातलं रोमिंग असं सरलं.

देशाबाहेर तो जुना नियम अजून चालू आहे. फोन करणारा घरच्याच दराने करतो. तुम्ही कुठे आहात हे त्याला ठाऊक नसतं, असण्याची गरजही नसते. भारताबाहेरच्या वाटेचा खर्च ज्याच्या हातात फोन वाजतो त्याच्या माथी. एवढं एक कळलं की बाकीचं सगळं त्यातून सुटत जातं. काकीला घेऊन मस्कतला आणि तिथून रस्त्याने दुबईकडे जायचं ठरलं, तेव्हा मी तिला आधी हेच समजावलं.

काकीचा मुलगा, आमचा दादा, मस्कतमध्ये रुवीला राहतो, मुलगी शारजाला. काका वाडी आणि गुरं सोडून हलणार नव्हते. त्यामुळे काकीचा पहिला प्रश्न विमानाचा नव्हता, व्हिसाचाही नव्हता.

"गो, थय माझो फोन चलतलो मा? तेंका सांजचो एक फोन केल्याशिवाय माका जेवाण गोड लागूचा नाय."

फोन चालतो. तो कुणाच्या पैशाने चालतो, हे मालवणातच ठरवून निघायचं असतं.

पहिलं काम भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घेण्याचं. बरेच जण याच्या उलट करतात. पैसे जातील या भीतीने रोमिंग पूर्ण बंद ठेवतात आणि परक्या विमानतळावर कार्ड वापरताना बँकेचा ओटीपी येईना म्हणून अडकतात. तिथे बसून रोमिंग चालू करायला जावं तर कंपनीचं अ‍ॅपही ओटीपी मागतं आणि तो येतो त्याच बंद सिमवर. हा फास घरीच सोडवावा. आलेल्या एसएमएसला आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या परदेशातही पैसे लावत नाहीत. पैसे लागतात ते उचललेल्या कॉलला, केलेल्या कॉलला, पाठवलेल्या एसएमएसला आणि सगळ्यात जास्त डेटाला. म्हणून रोमिंग चालू आणि त्याच सिमचं 'डेटा रोमिंग' बंद, अशी जोडी ठेवायची. सेटिंगमध्ये या दोन गोष्टींची नावं इतकी जवळजवळ आहेत की चांगली शिकलेली माणसंही त्यांची गल्लत करतात.

घर राखायला मागे ठेवलेल्या माणसासारखं भारतीय सिम वागलं पाहिजे: बाहेर पडायचं नाही, आलेलं टपाल तेवढं घ्यायचं. बोलणं, नकाशा, फोटो ही सगळी कामं तिथल्या सिमने किंवा ई-सिमने करायची.

काकीच्या फोनमध्ये दोन सिमच्या जागा आहेत. भारतीय सिम दुसऱ्या खाचेत सरकवलं आणि पहिली मोकळी ठेवली. सिम काढून पाकिटात ठेवू नये. युपीआयची अ‍ॅपं त्या सिमशी बांधलेली असतात. सिम दिसलं नाही की काही अ‍ॅपं पुन्हा नोंदणी मागतात, आणि नोंदणीला आपल्या नंबरवरून एसएमएस जावा लागतो. परदेशातून तो परदेशाच्या दराने जातो. माझ्या फोनला ई-सिम चालतं. तुमच्या फोनला चालतं का, हे बघायला स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश असं दाबायचं. आयएमईआयच्या आकड्यांबरोबर 'ईआयडी' नावाचा लांबलचक आकडा दिसला तर चालतं. ई-सिम विकत घेतलं तर ते घरच्या वायफायवरच फोनमध्ये बसवून ठेवावं, कारण बसवायला इंटरनेट लागतं आणि उतरल्यावर तेच नसतं. बहुतेक प्रवासी ई-सिममध्ये फक्त डेटा असतो, बोलायचा नंबर मिळत नाही, हेही बघून घ्यावं.

आपल्या कंपनीचा परदेशी पॅक घ्यायचा की नाही? टूरवाल्यांबरोबर चार-पाच दिवसांसाठी जाणाऱ्याने सरळ पॅक घ्यावा. सहलीतले दोन तास सिमच्या दुकानात घालवण्याएवढी बचत त्यात होत नाही. एकट्या जाणाऱ्या वयस्कर माणसालाही मी पॅकच सुचवते, कारण नंबर एकच राहतो आणि गोंधळ होत नाही. पॅक घेताना देशांची यादी नावं वाचून तपासायची. ओमान आणि अमिराती शेजारी असले तरी एकाच पॅकमध्ये दोन्ही असतीलच असं नाही. दिवस कधीपासून मोजतात, पॅक संपल्यावर फोन थांबतो की सुट्या दराने चालू राहतो, हेही विचारायचं. प्रीपेडवाल्याचं नुकसान झालंच तर खात्यात असेल तेवढंच होतं. पोस्टपेडचं बिल मागून वाढत राहतं. पण मुलाबाळांकडे दोन-तीन आठवडे राहायला जाणाऱ्याला तिथलं सिमच परवडतं. काकीसाठी आम्ही तेच ठरवलं.

मालवणहून धामापूरमार्गे कुडाळ गाठलं, मग सरळ महामार्ग. चिपीचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला तेव्हा आता घरापासून उडता येईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण परदेशासाठी सिंधुदुर्गाला अजून मोपाच जवळ. पेडणे तालुक्यातल्या या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून 5 जानेवारी 2023 ला विमानं सुरू झाली. एकेकाळी आखातात जायचं तर आधी मुंबई गाठावी लागे. आता सावंतवाडीची माणसं जेवून निघतात आणि मोपाला विमान धरतात. वाटेत पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक लागतं. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी इथे गोळ्या झाडल्या. काकीने गाडीतूनच हात जोडले. आज ही सीमा फोनलाही कळत नाही.

विमानात बसल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकायला सांगतात, तो नियम खिशासाठीही पाळावा. काही विमानांत उपग्रहामार्फत चालणारं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं. मोकळा सोडलेला फोन ते आपणहून पकडतो. त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षाही कितीतरी चढे, आणि साध्या देशवार पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. पर्यटकांच्या क्रूझ बोटींवरही तसंच. बंदर सुटलं की बोटीचं नेटवर्क चालू होतं आणि फोनवर पट्ट्या भरलेल्या दिसतात.

मस्कतला उतरून फ्लाइट मोड काढला आणि काकीच्या फोनवर सिग्नलच्या पट्ट्यांशेजारी 'आर' हे बारीकसं इंग्रजी अक्षर उमटलं. त्या पाठोपाठ भारतीय कंपनीचा संदेश: कॉल मिनिटाला किती, एसएमएस किती, डेटा किती. हा संदेश लोक न वाचताच पुसतात. मी तो काकीला मोठ्याने वाचून दाखवला. मिनिटाचा दर ऐकल्यावर तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली. न उचललेल्या कॉलला पैसे पडत नाहीत, हे तिला पुन्हा सांगावं लागलं. त्रास होतो तो आपल्या माणसांचा नव्हे, कर्ज विकणाऱ्यांचा. त्यांचा फोन भारतात सकाळी साडेनऊला सुटतो तेव्हा मस्कतला आठ वाजलेले असतात, आणि माणूस अर्धवट झोपेत उचलतो. घरच्यांना तिथला नवा नंबर देऊन टाकावा आणि जुन्या नंबरवर वाजेल ते वाजू द्यावं.

विमानतळावरच ओमानटेल, ऊरीडू, व्होडाफोन यांचे काउंटर होते. सिम पासपोर्टवरच मिळतं. काकीला भाव बघून बरं वाटलं, कारण पाटीवरचे आकडे लहान होते. पण ओमानचा रियाल म्हणजे साधारण 2.6 डॉलर. आपले दोनशेवीस रुपयांच्या पुढे. एका रियालच्या हजार बैसा होतात. पाच रियालचा पॅक म्हणजे हजारावर रुपये. आकडा बघून नव्हे, रुपयांत फिरवून निवडावं. आम्ही घेतलेल्या पॅकमध्ये डेटाबरोबर भारतात बोलायची मिनिटं होती. आखातातल्या कंपन्या अशी मिनिटं मुद्दाम ठेवतात, त्यांचं निम्मं गिऱ्हाईक आपल्याकडच्या कामगारांचंच असल्यासारखं. त्यामुळे रोजचा फोन कुणी करायचा हेही ठरून गेलं. काकांनी मालवणातून ओमानचा नंबर फिरवला तर त्यांना आयएसडीचा दर पडणार. काकीने पॅकातल्या मिनिटांतून केला तर काकांना उचलायला काहीच लागत नाही. सांजेचा फोन काकीकडून, असं पक्कं झालं.

नवं सिम घातल्यावर व्हॉट्सअ‍ॅप विचारतं, नंबर बदलायचा का? नाही म्हणायचं. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर राहतं आणि डेटा नव्या सिमचा घेतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने मत्राला नेलं. बंदराच्या कडेला मासळीबाजाराची नवी इमारत आहे, 2017 मध्ये उघडलेली, वरून लाटांसारखं सावलीचं छप्पर. आत इसवण ओळीने मांडलेली, बांगड्यांचे ढीग, तारल्या. काकी मालवणच्या दांडीवरच्या मासळीच्या लिलावात वाढलेली. तिने एका इसवणीचा कल्ला उचलून बघितला, बोटाने पाठ दाबली आणि विकणाऱ्याकडे बघून मान हलवली. त्याने दुसरी पुढे केली. भाषेची गरज पडली नाही. मग तिला ते सगळं काकांना दाखवायचं होतं. फोन आडवा धरून बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

डेटा खरा जातो तो इथे. बोलण्याला मिनिटाला एमबीही लागत नाही. व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट खातो. मी तिच्या फोनवर दोन गोष्टी केल्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये जाऊन मोबाईल डेटावरचं आपोआप डाउनलोड बंद केलं, कारण वाडीच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवर पहाटेपासून येणारी फुलांची चित्रं तिच्या पैशाने ओमानमध्ये उतरत होती. आणि व्हिडिओ घरच्या वायफायवरून संध्याकाळी पाठवायचा ठरवला. त्याच पानावर 'नेटवर्क युसेज' असतं. कॉलला किती गेला, फोटोंना किती गेला, सगळं दिसतं. ज्याला आपल्या खर्चाचा अंदाज हवा त्याने निघण्याआधी आठवडाभर घरी ते बघावं. मग किती डेटाचा पॅक घ्यायचा हे दुकानदाराला विचारावं लागत नाही. नकाशाही वायफायवर आधीच उतरवून ठेवता येतो. रस्ता दाखवायला मग डेटा लागत नाही, जीपीएस पुरतो.

रुवीत रात्री दादाच्या ओळखीचे एक वेंगुर्ल्याचे गृहस्थ जेवायला आले. तीसेक वर्षं ओमानमध्ये काढलेले. नव्वदच्या दशकात गावाकडे फोन म्हणजे काय होतं ते सांगत होते. घरी फोन नाही. शेजारच्या दुकानातल्या एसटीडी बूथवर अमुक वारी अमुक वेळी यायचं, हे महिनाभर आधी पत्राने कळवायचं. पत्र जाणाऱ्या माणसाच्या हाती, कारण टपाल उशिरा. ठरल्या वेळी बूथवर आई उभी असायची. लाल आकड्यांचं मीटर तिच्या समोर नसायचं, इकडे यांच्या समोर असायचं, आणि आई मीटर दिसत नसतानाही घाईने बोलायची. "बरो आसंस मा, जेवतंस मा, ठेव आता." त्याहून लांब बोलायचं तर कॅसेटवर बोलून ती कुणाबरोबर तरी पाठवायची. 1 एप्रिल 2002 ला व्हीएसएनएलची परदेशी कॉलची मक्तेदारी संपली, इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, आणि दर उतरायला लागले. तोवर त्यांची आई गेली होती. हे ऐकल्यावर मला वाटलं, फोनचा हिशेब नीट शिकून घेणं हा चिक्कूपणा मुळीच नाही. ज्यांना बोलायचं असून बोलता आलं नाही अशी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत.

मस्कत ते दुबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. बरका, सोहार, शिनास अशी किनाऱ्याकिनाऱ्याने बातिनाची पट्टी, डावीकडे लांबवर डोंगर, उजवीकडे खजुराच्या बागा आणि अधूनमधून समुद्र. सोहारला चहाला थांबलो तेव्हाच मी दोघींच्या फोनमध्ये नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक'वरून काढून हाताने ओमानचीच कंपनी निवडली. सीमेच्या पट्ट्यात फोन ज्याचा टॉवर जोरात त्याला चिकटतो. तुम्ही ओमानमध्येच असता आणि ओमानचं सिम अमिरातीच्या टॉवरवर रोमिंग करू लागतं. खतमत मलाहाच्या नाक्यावर पासपोर्टांच्या रांगेत माणसं अर्धा-पाऊण तास उभी असतात आणि कंटाळून व्हिडिओ बघतात, तेवढ्यात हे होतं. दुबईहून मुसंदमच्या धाऊ बोटींच्या सहलीला जाणाऱ्यांचं याच्या उलट होतं. तो तुकडा ओमानचा आहे. युरोपात आपल्या मुलांना ही कटकट नाही. 15 जून 2017 पासून युरोपीय संघात एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दराने चालतं. मात्र स्वित्झर्लंड त्या नियमात नाही, आणि ब्रिटनही आता बाहेर आहे. जर्मनीतल्या लेकीकडे जाऊन आल्प्स बघायला निघालेल्या आईवडिलांनी तेवढं ध्यानात ठेवावं.

नाका ओलांडल्यावर माझं ई-सिम चालू केलं. त्यात अमिराती होती. काकीला माझ्याच फोनच्या हॉटस्पॉटवर घेतलं. चार दिवसांसाठी दुसरं सिम घेण्यात अर्थ नव्हता.

शारजाला पोचल्यावर मात्र वेगळीच अडचण. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातो, फोटो जातो, बोलून पाठवलेला आवाज जातो. कॉल जात नाही. अमिरातीत परवाना नसलेल्या इंटरनेट कॉलला बंदी आहे. तिथल्या कंपनीचं सिम बदला, वायफाय बदला, उपयोग नाही. बोटिमसारखी परवाना असलेली अ‍ॅपं चालतात, कार्यालयीन बैठकांसाठी झूम, टीम्स चालतात. पण बोटिमसारखं अ‍ॅप दोन्हीकडे लागतं, म्हणून मी निघण्याआधीच काकांच्या फोनवर ते टाकून एकदा अंगणातून घरात फोन लावून दाखवला होता. अमिरातीत जाणाऱ्या प्रत्येकाने मागे राहणाऱ्याचा फोन आधी तयार करावा. व्हीपीएन लावा असं सांगणारे तिथे भरपूर भेटतात. त्यांचं ऐकू नये. 2021 च्या सायबर कायद्यात व्हीपीएनने पत्ता लपवून गुन्हा करण्याला किंवा तो दडवण्याला 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड आहे, आणि दिरहम म्हणजे आपले तेवीस रुपयांच्या पुढे. सांजेच्या एका फोनसाठी नातेवाइकांची नोकरी टांगणीला लावू नये.

शारजातल्या पहिल्या संध्याकाळी त्या अ‍ॅपवर काकांचा चेहरा उजेड कमी असल्याने नीट दिसत नव्हता. काकीने विचारलं, "पाडशाक पाणी पाजलास?" पाडसाला पाजलं होतं. पाऊण तास बोलणं झालं.

परतल्यावर शेजारची बाई ओमानचं सिम मागायला आली. तिचा मुलगा जहाजावर आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा चढणार. सिम देऊ नये. ते आपल्या पासपोर्टवर नोंदलेलं असतं, त्यावरून काहीही झालं तर नाव आपलं. त्या मुलाला त्याचा उपयोगही नव्हता. त्याची खरी अडचण इथली होती. मागच्या करारात सहा-सात महिने जहाजावर असताना त्याचा भारतीय नंबर रिचार्जविना पडून राहिला आणि गेला. बँकेत, आधारला, सगळीकडे तोच नंबर. सुट्टीतले दिवस शाखेत आणि सेवाकेंद्रात कागद देण्यात गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातल्या खलाशांच्या घरी ही गोष्ट नवी नाही. ट्रायच्या 2013 च्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबरवर 90 दिवस काहीच वापर नसला तर तो बंद होऊ शकतो. खात्यात 20 रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर पुढे राखला जातो. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने आणखी एक चांगलं केलं: डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यायला कंपन्यांना भाग पाडलं आणि पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत नेली. जहाजावरच्या माणसाला भारतीय डेटा हवाच कशाला? त्याला वर्षभराचा बिनडेटाचा पॅक पुरतो.

त्याच डिसेंबरात जहाजकामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराची 2022 ची दुरुस्ती अमलात आली. तिच्यात खलाशांना जहाजावर इंटरनेट द्यावं आणि पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असं म्हटलं आहे. भारताने हा करार 2015 मध्ये स्वीकारलेला आहे. मुलाने कंपनीला भरतीच्या वेळीच विचारावं, महिन्याला किती डेटा, किती पैसे. बंदरात गँगवेवर सिम विकायला येणाऱ्यांपेक्षा खलाशांच्या मिशन केंद्रातलं वायफाय बरं. आणि जहाज किनाऱ्याजवळून जाताना भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंदच असलं पाहिजे, कारण तो टॉवर कुठल्या देशाचा हे डेकवरून दिसत नाही.

तो मुलगा संध्याकाळी स्वतः आला. त्याच्या फोनवर रोमिंग चालू केलं, डेटा रोमिंग बंद केलं, बँकेत ईमेल नोंदवला, आणि रिचार्जची तारीख त्याच्या आईच्या फोनमध्ये घातली.